हातचा

गाब्रोवोच्या कापड गिरणीचा जुना पगार-प्रोग्राम
आमच्या टेबलावर आला
तेव्हा तो वाचू शकणारं कुणी उरलं नव्हतं.
पेन्शन खात्याला एकोणऐंशी सालापासूनचे आकडे हवे होते.
कालोयान म्हणाला, रालित्साला द्या,
तिला चिवट कामं जमतात.
चिवट म्हणजे कंटाळवाणी.
सहा वर्षं झाली मला इथं,
हा शब्दकोश पाठ आहे.

पंच कार्डांवरून टेपवर, टेपवरून डिस्कवर
बिऱ्हाड हलवत आलेला तो मजकूर,
आणि दर पानाच्या डोक्यावर दोनच अक्षरं: झ. द.
पुरं आडनाव असतं तर शेवटच्या अक्षराने सांगितलं असतं.
पोरं म्हणाली, काय हात होता या माणसाचा!
एक ओळ वाया घालवली नाही त्याने.
त्याने, त्याचा, तो.
मीही म्हणाले, तो.

एकशे बाराव्या ओळीत गुणक होते.
यंत्रं जुळवणारे: एक पूर्णांक दोन.
माग चालवणाऱ्या: एक.
कारण दिलेलं नव्हतं.

एकशे एकोणचाळिसाव्या ओळीपाशी अडखळले.
स्तोतिंकीच्या खाली अपूर्णांक उरला
तर जुळवणाऱ्यांचा नियमाने जात होता:
अर्ध्याच्या आत असेल तर सोडून द्या.
माग चालवणाऱ्यांचा मात्र,
कणभर असो, केसभर असो,
वरच चढत होता.
दर पाळीला. दर बाईला. बारा वर्षं.
बग म्हणून नोंदवायला घेतला
आणि बोट तसंच राहिलं कळीवर.

झ. द. सापडल्या
येंत्रा नदीच्या पुलापलीकडे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
झ्द्राव्का दोनेवा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या.
भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्यांना झाकणं लावत होत्या.
कागद त्यांनी खिडकीकडे नेला,
जुन्या शेजारणीचा फोटो बघावा तसा बघितला.

"गुणक वरून आला होता, सहीशिक्क्यासकट.
टाइप मीच केला.
आई माझी सात नंबरच्या मागावर,
तिचा तो 'एक' या बोटांनी टाइप केलाय."

मग बराच वेळ झाकणच.

"बेरीज करताना हातचा कुठं ठेवतेस गं?"
"मनात."
"हं."

कुणाच्या लक्षात नाही आलं?
"हिशेबनिसाच्या आलं. बाईच होती.
तिने चष्मा पुसला, पान उलटलं.
आणि ऐक, याला न्याय वगैरे म्हणू नकोस.
वर्षाकाठी एका बाईमागे एक मोज्यांचा जोड, बस.
न्याय असता तर एकशे बारावी ओळ बदलली असती."
एक बरणी त्यांनी माझ्या हातात कोंबली.
गरम होती अजून.

सोमवारी प्रिंटरमध्ये कागद अडकला.
ओढून काढला तर माझ्या पानाला चिकटून
कालोयानचं पगारवाढीचं पत्र.
तेच पद, तीच श्रेणी,
माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला.
फरक सातशे लेव्हांचा.
कालोयान वाईट नाही. परवाच त्याने
माझ्यासाठी शेवटचा बानित्साचा तुकडा ठेवला होता.
त्यालाही बहुधा ठाऊक नसेल.
प्रोग्रामला तरी कुठं ठाऊक होतं?

संध्याकाळी एकशे एकोणचाळिसाव्या ओळीच्या वर
मी शेरा लिहिला:
झ्द्राव्का दोनेवा यांनी लिहिली. चूक नाही. हात लावू नये.

आणि मंगळवारी सकाळी
दोन्ही पगारांची वजाबाकी
मोठ्या अक्षरांत, हातच्यासकट मांडून,
गेले साहेबांच्या दाराशी.
ते फोनवर होते.
काचेतून दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं.

वीस झाली असतील.
उभी आहे.
कागदाची घडी घातलेली नाही.