पेले, नग एकशे वीस

मंडळीचा हिशेब मी ठेवतो, एकतीस वर्षं.
दानपेटी, बाकांचं पॉलिश, पेटीचा फाटलेला भाता,
पाळकसाहेबांचा प्रवासखर्च.
पान सत्तेचाळीसवर, माझ्याच अक्षरात:
'प्रभुभोजनाचे काचेचे पेले, नग एकशे वीस.'

त्या चैत्रात भवानी पेठेला पत्रे ठोकले.
गल्लीच्या तोंडाशी बांबू, बांबूमागे पोलीस,
पोलिसामागे ऊन खात पडलेलं पुणं.
देवळांना कुलूप, मशिदीला कुलूप.
आमच्या दाराला मी स्वतः लावलं,
आणि खरं सांगतो,
किल्ली खिशात टाकताना हलकं वाटलं.
कित्येक वर्षं मी प्रार्थनेला
अर्धे डोळे मिटून
छताचे पंखे मोजत होतो.

रात्री रुग्णवाहिका, सकाळी नावं.
आधी अग्नेसमावशी,
मग आमचा घंटावाला लाझरस.
त्याला या वेळी बाहेर ये म्हणायला कुणी नव्हतं.
मातीला आम्ही चौघं.
पाळकसाहेब फोनवर,
'पुनरुत्थाना'तल्या 'रु'वर आवाज अडकला
तो खड्डा बुजेपर्यंत पुढे सरकला नाही.

आणि एका दुपारी सुवार्ताबाई रणपिसे दारात.
तोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी.
तीस वर्षं पेले धुणारी बाई,
माझ्याशी कामापुरतंच बोलणारी.
'किल्ली द्या. पेले हवेत.'
लाकूडबाजाराच्या वखारीत
अडतीस हमाल अडकलेत, म्हणाल्या. खोकतात.
काढा केलाय पातेलंभर,
पण भांडं एकच, आणि सगळ्यांचे ओठ त्यालाच.

मी म्हणालो, ती पवित्र पात्रं आहेत, बाई.
शिवाय घोटभर काढ्यानं होतंय काय?

'पहिल्या रविवारी तुम्ही काय
बादलीभर पिता, भाऊसाहेब?'

किल्ली दिली. रागानंच दिली.
वहीत लिहिलं: 'बाहेर गेले, १२०.'
आणि त्यांचा गुडघा धड नाही म्हणून
तबक मी उचललं. तेवढ्यासाठीच.

पत्र्याखाली वीतभर फट होती.
तबक आत सरकवलं.
एक हात आला. नखांत सागाचा भुसा.
पेला उचलला. रिकामा परत ठेवला.
दुसरा हात. करंगळी नसलेला तिसरा.
चेहरा एकही नाही.
कुणी 'राम' म्हणालं, कुणी 'बिस्मिल्ला',
कुणी नुसतंच खोकलं.
एकतीस वर्षं मी हेच तबक
बाकांवरून पुढे सरकवत आलो होतो,
पुढचा हात येईल की नाही
याची वाट कधी पाहिली नव्हती.

अडतिसावा उशिरा आला. फार उशिरा.
तोवर मी गुडघ्यांवर होतो,
फट खालीच होती, दुसरं काय करणार?
घशात काहीतरी दाटलं.
घरी येऊन थर्मामीटर लावला.
ताप नव्हता.

काढ्यानं कुणी बरं झालं असं मी लिहिणार नाही.
तिघांना ससूनला नेलं, दोघे परतले.
पण सव्वीस दिवस आम्ही रोज गेलो,
आणि जाताना मी पुटपुटायचो,
काय ते आठवत नाही,
पंखे मात्र त्यात नव्हते.

विसाव्या दिवशी एक पेला फुटला.
एकविसाव्या दिवशी त्याच्या खाचेत
कुणीतरी ठेवलेलं:
खोकल्याच्या औषधाचं टोपण,
घासून लख्ख धुतलेलं.

कुलूप निघालं तेव्हा थंडी पडली होती.
मधे रिकाम्या जागा सोडून माणसं बसलेली.
तबक बाकाबाकांवरून फिरत आलं,
सगळ्यांनी काच उचलली,
टोपण माझ्यापर्यंत उरलं.
आतून मापाच्या रेषा: पाच, दहा, पंधरा.
सुवार्ताबाईंनी पाचापर्यंतच भरलं होतं.
द्राक्षरसाला सुंठेचा वास होता.
शेजारच्याला विचारलं, तो नाही म्हणाला.

मार्चअखेर तपासनीस आला.
'काचेचे एकशे एकोणीस,' त्यानं मोजले,
'आणि वहीत अजून एकशे वीस कसे?
तूट दाखवा.'
म्हटलं, तूट नाही.
पटत नसेल तर सुवार्ताबाईंना विचारा,
पण जरा जपून.