चौथा पिंजरा

एर्राशिदियात दुपारचा वारा वाळू घेऊनच येतो.
मी खिडक्यांच्या फटीत ओली फडकी खोचतो,
उंदरांना धूळ सोसत नाही.
चोवीस उंदीर, चार पिंजरे.
पहिल्यात शीहचा अर्क, थोडा.
दुसऱ्यात दुप्पट.
तिसऱ्यात दवाखान्यातली गोळी, कुटून.
चौथ्यात नुसतं पाणी.

शीह म्हणजे दवण्याच्या गोतातलं झुडूप,
इतकं कडू की जीभ दिवसभर रुसून बसते.
तूदा ते डोंगरावरून आणते, खेचरावर लादून,
आणि दर खेपेला विचारते,
"पास झाला का माझा पाला?"
तिच्या गावात तो उकळून पितात
डोकं जड झालं, कान वाजू लागले की.
कागद नव्हता तेव्हाही उतरायचं, म्हणते,
आणि तरी कागद हवाय तिला.

तिलीला पाला सावलीत सुकवते, दळते,
भिजवते, गाळते, गाळलेलं पुन्हा गाळते.
गोणभर पाल्याचा उरतो
बोटभर तपकिरी चिकटा.
मग उंदराच्या शेपटीला इवलासा पट्टा,
फुगा फुगतो,
आणि ती "एकशे अठ्ठ्याहत्तर" असं पुटपुटते
जणू त्याला ऐकू गेलं तर अजून चढेल.
(मिठाचं पाणी पाजून तो आम्हीच चढवलेला.
हे तूदाला सांगितलेलं नाही.)

पाचव्या आठवड्यात पहिला पिंजरा उतरला.
दुसरा जास्त. गोळीचा सगळ्यात जास्त.
आणि चौथाही.
पाण्याने?
तिलीलाने यंत्र उघडून पाहिलं,
पट्टे बदलले, मीठ पुन्हा तोललं,
तीन रात्री घरी गेली नाही.
चौथ्या दिवशी मी चहा ठेवला तिच्यापुढे
आणि तिथेच उभा राहिलो.

रमजान होता. पहाटेच्या जेवणाआधी
मला झोप लागायची नाही.
बाकीच्यांना काही ना काही मिळत होतं,
या सहांना पाणी.
एकेकाला तळहातावर घ्यायचो,
कानामागे खाजवायचो,
मुलाबद्दल बोलायचो. तूलूसमध्ये फरश्या बसवतो,
शुक्रवारी फोन करतो,
म्हणजे, करायचा.
ते ऐकायचे. उंदीर ऐकतात की नाही
ते शास्त्राला ठाऊक, पण हातात गरम व्हायचे
आणि थरथर थांबायची.

ती रागावली नाही. ते बरं झालं असतं.
वहीत एकच शब्द लिहिला, पेन्सिलीने: हाताळणी.
मग म्हणाली, पहिल्यापासून.

जुन्या चोवीसांचं काय झालं ते विचारू नका.
नवे आले. आता मला हातमोजे आहेत,
भिंतीवर घड्याळ आहे,
प्रत्येक पिंजऱ्याला दोन मिनिटं, तोंड बंद ठेवून.
पहाटे मी बाहेरच्या पायरीवर बसतो
आणि फोन उलटा करून ठेवतो.

काल तूदा आली, गोण टेकवून दम घेत.
"झाला का पास?"
"परीक्षाच पुन्हा आहे," तिलीला म्हणाली.
"कुणाची?"
मी बादलीत फडकं पिळत होतो.
पाणी संपलं होतं त्यातलं,
तरी पिळत होतो.