नऊ वाजताचा थेंब

रात्री नऊला बातम्या संपतात. हेल्डुर
खुर्चीत मान मागे टाकतो, छताकडे बघतो
आणि आ वासतो.
डोळ्यात थेंब घालायला तोंड कशाला उघडतोस,
हे विचारणं मी तिसऱ्या वर्षी सोडलं.

बाटली अंगठ्याएवढी. न उघडलेली फ्रिजमध्ये,
खारवलेल्या माशांच्या बरणीमागे.
उघडली की चार आठवडे.
लेबलावर मी पेन्सिलीनं तारीख लिहिते.

आधीची वेगळी होती, पिवळ्या टोपणाची.
तिनं डोळ्यातला दाब उतरवला
आणि जाता जाता नाडीही: मिनिटाला चव्वेचाळीस.
त्या शनिवारी सौनाच्या पायरीवर तो
मटकन बसला, नागडा, हातात बर्चची डहाळी,
म्हणाला, "आतला पंप कुणीतरी बंद करतंय."
कुरेसारेच्या डॉक्टर पिहलाक म्हणाल्या,
डोळ्यात घातलेलं डोळ्यातच राहतं असं नाही.
नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरा. दोन मिनिटं.
आणि औषध बदललं.

नव्याचं पत्रक मी टेबलावर उलगडलं.
सोळा घड्या, कांद्याच्या सालीसारखा कागद,
मुंगीएवढी अक्षरं;
ज्याच्यासाठी छापलं त्याला ती दिसणार कशी?
मीच मोठ्यानं वाचलं.
लाली. चुरचुर. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटणं.
"समुद्रावर चाळीस वर्षं हेच झालं," तो म्हणाला, "फुकटात."
पापण्यांचे केस लांब, दाट होणं.
"पुढे?"
बुबुळाचा रंग बदलणं. हळूहळू. कायमचं.
यावर तो काही बोलला नाही.
मी घड्या घालायला घेतल्या.
त्या पुन्हा तशा कधीच बसत नाहीत.

औषध फक्त डाव्या डोळ्याला.
आधी केस आले, चष्म्याच्या काचेला आतून घासणारे,
सत्तरीच्या म्हाताऱ्याला एका बाजूनं वासराची पापणी.
मी नखांची कात्री आणली तर म्हणाला, राहू दे,
अंगावर काहीतरी उगवतंय अजून.

रंगाकडे मात्र मी काणाडोळा केला.
ज्या डोळ्यांना मी होकार दिला होता
ते दलदलीतल्या शेवाळासारखे, हिरवट राखाडी,
मध्ये तांबूस ठिपके,
विर्त्सूच्या धक्क्यावर वाऱ्यात बारीक झालेले.
नात मिर्टेल, पाच वर्षांची. तिनं आजोबा काढला,
एक डोळा हिरव्या खडूनं, एक तपकिरी.
"चुकलीस," मी म्हणाले.
"बघ की," ती म्हणाली.

बघितलं. खिडकीपाशी, दिवसाउजेडी.
उजवीकडे माझा नवरा.
डावीकडे चहाच्या रंगाचा कुणी नवखा,
ज्यानं माझं काहीच अजून ऐकलेलं नव्हतं.

तेव्हापासून त्या दोन मिनिटांत,
डोळे मिटून, कोपरा दाबून तो बसतो
आणि कडू चव घशात उतरत असते,
मी बोलायला लागले. आधी विजेच्या बिलाबद्दल.
मग एके रात्री त्या हिवाळ्याबद्दल,
ट्रॉलर तीन दिवस परतली नव्हती
आणि तिसऱ्या दिवशी मी त्याचे चांगले बूट
शेजारच्या ओलेवला देऊन टाकले.
तो जिवंत आला तेव्हा म्हणाले, उंदरांनी नेले.
एकोणचाळीस वर्षं झाली त्याला.

दोन मिनिटं संपली तरी त्यानं बोट काढलं नाही.
घड्याळ ऐकू येत होतं. बाहेर शेजाऱ्याचं कुत्रं.
मग डोळे उघडले, आधी तपकिरी.
"पंचेचाळीस नंबरचे बूट," तो म्हणाला,
"ओलेवच्या अंत्ययात्रेत
त्याच्या पोरानं घातले होते. टाच अजून शाबूत."

गालावर ओघळलेलं लगेच पुसावं,
नाहीतर तिथली कातडी काळवंडते, असं पत्रकात आहे.
मी कापूस शोधत राहिले.
"झाकण लाव," तो म्हणाला,
"आणि तारीख बघ. उद्या नवी उघडायची."