टाचेचं भोक

बेटावरून परतताना गाडीत मागे
सहा बाटल्या, माझ्या स्वेटरांत गुंडाळलेल्या,
वळणावळणाला एकमेकींवर रेलून कुजबुजणाऱ्या.
लिव्हियो दर टोलनाक्यावर मान वळवून बघायचा,
तान्ही झोपलीत की उठलीत, तसा.

व्हिसवरची ती संध्याकाळ :
धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, जाळ्यांचा ओला वास,
कोळ्याच्या बायकोने जगमधून ओतलेली काळीसावळी वाइन,
उन्हात तापलेल्या अंजिरासारखी,
शेवटी किंचित खारी.
"आपल्याकडे असलं काही होत नाही," मी म्हणाले.
म्हणून गेले.
लिव्हियोने ते लक्षात ठेवलं.
नवरे नको तेवढंच लक्षात ठेवतात.

आपल्याकडे म्हणजे इथे, त्रिएस्तेच्या डोक्यावर,
कार्स्तच्या दगडात अडकलेली मूठभर लाल माती
आणि तिचं तेरान :
विळ्याचं पातं चाटल्यासारखं,
गाल आत ओढणारं, दात जांभळे करणारं.
अंगात रक्त नाही म्हणून लहानपणी मला चमचाभर दिलं होतं,
आणि मी ते थुंकलं होतं
चर्चला जायच्या पांढऱ्या फ्रॉकवर.

बेटावरची पहिली बाटली उघडली नोव्हेंबरात.
बाहेर बोरा वारा छपरावरचे दगड मोजत होता.
एक घोट.
तो गप्प. मी गप्प.
अंजीर होतं, पण पाकिटातलं.
मीठ कुठे सांडलं?
"प्रवासाने दमली असेल," तो म्हणाला.
दुसरी दोन आठवडे अंधारात निजवली.
दमलीबिमली नव्हती.
जाळ्यांचा वास तेवढा मागे राहिला होता.

मग निवाड्याला शेजारचा स्रेच्को बोलावला.
याच्या नाक्यावर वर्षातून दोनदा आयव्हीची फांदी लटकते
आणि अख्खी पंचक्रोशी त्याच्या अंगणात येऊन
उकडलेली अंडी, हॅम आणि तेरान यांवर तुटून पडते.
लिव्हियोने चार बाटल्यांना आपले लोकरी मोजे घातले.
एकाच्या टाचेला भोक.

पहिली : "समुद्राकडची. फार गोड बोलते.
अशा घरात पोरगी देऊ नये."
दुसरी, तूरीनला गाडी चुकली तेव्हा स्टेशनवर घेतलेली :
"हिचे पैसे लेबलाला दिलेत तुम्ही."
आम्ही हसत होतो.
तिसरी त्याने तोंडात धरली,
दिव्यापुढे ग्लास तिरका केला,
परत एक घोट.
"हे कुणीतरी घाईत केलंय.
द्राक्षं चार दिवस आधी तोडलीत.
करणाऱ्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं."

लिव्हियोने मोजा काढला नाही.
मी अंड्याचं कवच वेचत बसले.
स्रेच्कोनेच बाटली वळवली,
अंगठ्याने टाचेचं भोक जरा रुंद केलं.
आत त्याच्याच हातचं, निळ्या पेन्सिलीतलं साल.

बराच वेळ फक्त वारा.
"दिवसा हॉस्पिटलात," तो म्हणाला,
"रात्री कपाळाला बॅटरी बांधून तोडायचो.
नाद्या सांगत होती, चार दिवस थांब, अजून पिकलं नाही.
पलंगावरून, द्राक्ष न बघता.
मी म्हटलं, तुला काय कळतं."

चौथीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.
"या सालाच्या किती आहेत?"
"अजून दोन."
"त्या पाहुण्यांना देऊ नका."
आणि ग्लास पुढे केला.
आंबट होतं, हिरवं होतं,
दातांवर कच्च्या देठाची खरखर.
त्याने तळापर्यंत संपवलं.

सकाळी आमच्या पायरीवर त्याची सहा बाटल्यांची पेटी,
चांगल्या सालाची.
त्या दोन लिव्हियो बगलेत धरून पोचवून आला.
रिकामी स्रेच्को रात्रीच घेऊन गेला होता,
मोज्यासकट.

जोडीतला उरलेला मोजा मी टाकलेला नाही.
बेटावरची एक बाटली शिल्लक आहे, तिला घातलाय.
उन्हाळ्यात तिला खाली नेऊ,
बार्कोलाच्या खडकांवर, पाय पाण्यात सोडून.
लिव्हियो म्हणतो, मिठाची पुडी बरोबर घे.
चेष्टा करतो की खरंच, कळत नाही.