चौतीस

दाभोलीच्या सड्यावरून निघायचं
आणि वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्याचं फाटक गाठायचं:
एक्केचाळीस मिनिटं.
जावेची जुनी सायकल, मागचं चाक जरा वाकडं,
हँडलला डबा, डब्यात पेज नि सुक्या बांगड्याचा तुकडा,
दर खड्ड्याला गुडघ्यावर टोला.
आठ-पाच झाले की पाव दिवस कापतात.

बस्त्याव फर्नांडिसने बसल्या जागेवरून टायर दाबून पाहिला.
"चाकात हवा नाय, आणि पायांका दोष दितंस."
त्याने पंप मारला, मोजला नाही,
टिचकी मारून आवाज ऐकला, शहाळं पारखावं तसा.
दुसऱ्या दिवशी अडतीस.

मग सीट दोन बोटं वर.
"गुडघो सुटाक व्हयो गो. बसून भाकरी थापतंस काय?"
मग चेन. तिला मी खोबरेल लावत होते,
कारखान्यात हातांना चोळायला देतात त्यातलंच,
पदराआड आणलेलं.
"ता केसांक लाव. चेनीक लावलंस तर धूळ धरता."
रॉकेल, फडकं, शिलाई मशीनचं तेल, थेंब थेंब.
डबा मागे कॅरिअरवर, फाटक्या ट्यूबच्या पट्टीने आवळून.
छत्तीस.

पुढचं बस्त्यावला सांगता आलं नसतं,
त्याचा एक पाय लहानपणापासून आखूड.

सातच्या आधी निघालं तर मतलई पाठीवर असते.
जरा उशीर झाला की ती पडते,
आणि मग सगळा सडा स्वतःच ओढायचा.
चिरेखाणीच्या उतारावर भिऊन ब्रेक दाबला
तर पुढचा चढ तो व्याजासकट वसूल करतो.
साकवाच्या वळणावर गडग्याकडे बघितलं
की सायकल गडग्यातच जाते, दोनदा गेले,
कोपराला अजून खूण आहे.
आता मी पलीकडच्या सुरंगीकडे बघते.
फुलं असोत नसोत.

आणि बंदरावर जाणारा बर्फाचा टेम्पो,
कधी मिळतो, कधी नाही.
त्याच्या मागे चार हातांवर राहिलं
की वारा कापायचं काम तो करतो,
मला फक्त पाय फिरवायचे
आणि घोट्यांवर गार पाणी झेलायचं.
हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

चौतीस!
कालनिर्णयाच्या मागे पेन्सिलने लिहिलं.
सात मिनिटं. माझी.
फाटकाशी उभी राहून चहा प्यायचा, असं ठरवलं होतं,
बसून सुद्धा.

यंत्रापुढे रांग.
अंगठा ठेवला. लाल.
"पूस," निवजेकर म्हणाला. पुसला. लाल.
ओला करून. लाल.
मागून सरोज म्हणाली, राख चोळ.
राख चोळून. लाल.
पंधरा वर्षं टरफलाचा चीक या अंगठ्याने खाल्ला
की चिकाने अंगठा खाल्ला, देव जाणे,
गुळगुळीत झालाय, पेरूच्या फांदीसारखा.
आईबापांनी नाव ठेवलं रेषा.
निवजेकर वहीत बघतो, माझ्याकडे बघतो,
रोज बघतो,
आणि म्हणतो, यंत्राला पटलं पाहिजे.
सातव्या खेपेला हिरवा.
आठ वाजून चार.

चहा राहिला.

बस्त्यावला विचारलं, यावर काय करूया?
तो बराच वेळ स्पोक फिरवत बसला.
"ह्येका माझ्याकडे पानो नाय," म्हणाला.
पैसे घेतले नाहीत,
नाहीतर हवेचेही तो सोडत नाही.

संध्याकाळी खारा वारा सुटतो, तोही पाठीवरच येतो,
घराकडे जाताना सडा निम्मा वाटतो.
परतीची मिनिटं मी मोजत नाही.
साकवाच्या वळणावर पलीकडून कोण येतंय दिसत नाही,
म्हणून अंगठा घंटीवर.
एकदाच दाबायचा.
ती लगेच वाजते.