सहा की चार

सोहारचं कोर्ट. दुसऱ्या मजल्यावर एवढा गारठा
की मी जुलैतही शाल घेऊन येते.
दुभाषाला खुर्ची नसते, भिंत असते.

मुश्ताक हर्णेकर, वेल्डर.
हातात पिशवी, पिशवीत घड्यांवर फाटलेला कागद,
कागदावर काम सुटल्याची तारीख:
०६/०४

कंपनी म्हणते, सहा एप्रिल.
म्हणजे वीस मेला लावलेला दावा
वर्षाची मुदत उलटून चव्वेचाळीस दिवस शिळा.
मुश्ताक म्हणतो, चार जून.
म्हणजे अजून पंधरा दिवस शिल्लक होते.
चौदा महिन्यांचा ओव्हरटाइम
त्या तिरप्या रेघेवर बसलाय,
कुठल्या बाजूला उतरायचं ठरेना.

नव्या कायद्यातलं कलम मी त्याला सांगते, हळू आवाजात:
आकड्यांतली तारीख दोन्हीकडून वाचता येत असेल
तर आधी दिवस समजावा, मग महिना;
मात्र लिहिणाऱ्याची सवय किंवा भोवतालची परिस्थिती
काही वेगळं सांगत असेल, तर कोर्टाने ते ऐकावं.

ऐकावं नाही. विचारात घ्यावं.
मुळात तसं आहे. ऐकावं माझ्या तोंडून गेलं.

लिहिणारा रोडेल, टाइमकीपर, इलोइलोचा.
त्याच्या शाळेत महिना आधी यायचा.
तो परत गेला. त्याची सवय उरली हजेरीपटांत,
आणि हजेरीपट कंपनीच्या कपाटात.

न्यायाधीश विचारतात, त्या दिवसाचं काही आठवतं?
"गेटपास काढून घेतला ना, तेवढ्यात घरून फोन.
बायको म्हणाली, बोटी वर घेतल्या,
झाप बांधून झाले,
आता दोन महिने सुकटीवर भागवा."

हे अरबीत नेताना माझी धांदल.
हर्णैला मासेमारी एक जूनला बंद होते
हे त्याने सांगितलं नाही. मला माहीत आहे.
मला माहीत असणं कुठल्याच कलमात बसत नाही.

कंपनीचा वकील: साक्षीला कोण येणार, बोटी?
कारकून हसतो.
न्यायाधीश चष्मा काढतात. "झाप कसले?"
माडाचे, साहेब.
"आमच्याकडे खजुराचे असायचे," ते म्हणतात,
आणि विचारतात, बोटी वर का घेतल्या?
मी प्रश्न मराठीत आणते. मुश्ताक माझ्याकडे बघतो,
एवढं साधं कुणी विचारतं का, असा.
"बंदी लागली. जून उजाडला की लागते."
ते काहीतरी लिहून घेतात.
उजवीकडून डावीकडे; आकडे मात्र डावीकडून.

निकाल नाही. पुढची तारीख मिळते, चिठ्ठीवर:
०८/०९
जिन्यात तो विचारतो, ताई, नऊ ऑगस्ट की आठ सप्टेंबर?
मी पेन काढते, रेघेखाली सप्टेंबर लिहिते,
पूर्ण अक्षरांत, वेलांटी-अनुस्वारासकट.

पदरचं काही घालणार नाही
अशी शपथ मी सहा वर्षांपूर्वी याच इमारतीत घेतली होती.
चिठ्ठी घेऊन तो उन्हात उतरतो.
मी पुन्हा वर जाते,
कारकुनाला विचारायला.