भाराची यादी

सॅन लुईस खोऱ्यात, ब्लँकापासून अकरा मैल आत,
जिथे विजेचा शेवटचा खांबही मागे राहतो,
ऑर्व्हिल स्टॅनफिलच्या स्वयंपाकघरात
मी वही उघडते.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
या धंद्यात उलटं.
आधी पाय मोजायचे,
मग अंथरूण शिवायचं.

सांगा, काय काय चालतं घरात?
दिवे पाच, नऊ वॅटचे, रोज पाच तास.
रेडिओ.
विहिरीचा पंप, वीस मिनिटं.
फ्रीझर, त्यात अख्खा एल्क.
बेरीज चौदाशे पंधरा वॅट-तास.
"झालं," म्हणाला. "एवढंच."

दोन पॅनेलांत भागलं असतं.
मी पेनाला टोपण लावलं
आणि मान वर केली तेव्हा दिसले
दोन्ही गालांवर, नाकापासून कानापर्यंत,
नळीचे वळ.

साडेसात हजार फुटांवर हवा आधीच विरळ,
त्यात चाळीस वर्षं खाणीत.
पलंगाखाली यंत्र, चादरीने झाकलेलं.
"ते कशाला धरतेस? बारा वाजता बंदच करतो मी.
जनरेटर पेट्रोल फार पितो."

बारानंतर?
"बारानंतर बसून झोपतो."

टोपण काढलं.
साडेतीनशे वॅट गुणिले नऊ तास.
हातचा न धरताही बेरीज तिपटीवर गेली.
डिसेंबरचं ऊन पाच तास धरलं,
वाटेतली गळती तीस टक्के,
तीन दिवस ढग, आणि बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही
म्हणजे साठा सहा दिवसांचा.
दोनाची सहा पॅनेलं झाली.
तो खिडकीबाहेर बघत राहिला,
जणू कोणी त्याचं वय मोठ्याने वाचलं.

उतार बावन्न अंश. हिवाळ्यासाठी, उन्हाळा काय, कसाही निभतो.
चिमणीची सावली सकाळी दहाला कुठे पडते
ते मी खडूने आखलं आणि सगळी चौकट सहा फूट पूर्वेला सरकवली.
हाताएवढी सावलीसुद्धा
अख्ख्या रांगेचा गळा धरते.

मग शिकवणी. खुर्ची बॅटरीच्या खोलीत, दार उघडं.
चार्ज होताना वायू सुटतो, सिगारेट बाहेर.
पाणी डिस्टिल्ड, विहिरीचं नाही, देवाचं असलं तरी नाही,
आणि चार्ज भरल्यावर घालायचं, आधी नाही.
हायड्रोमीटरचा काटा बाराशे पासष्टला आला की पोट भरलं समजा.
बर्फ मऊ झाडूने. फावडं दिसलं तर मी परत येणार नाही.
उंदीर वायर खातात, महिन्यातून एकदा वाकून बघा.
भार चालू असताना डीसीची जोडणी ओढायची नाही कधीच,
ती ठिणगी विझत नाही, तुमची वाट बघते.
आधी इन्व्हर्टर बंद. मग पॅनेलचा स्विच. मग हात.

"आणि हा सिलिंडर?"
तो भरलेला ठेवायचा. मशीन ते मशीनच.
मी बांधलेलंसुद्धा.

कराडच्या आयटीआयमध्ये आमचे सर म्हणत,
वीज दिसत नाही म्हणून ती लाजाळू नसते.
ते मी त्याला इंग्रजीत सांगून पाहिलं.
हसला नाही. पण मान हलवली.

आता रोज सकाळी सहा वीसला फोन वाजतो.
नमस्कार नाही, हवापाण्याची चौकशी नाही.
"एकोणपन्नास पॉइंट आठ," तो म्हणतो.
मागे यंत्र दम घेतं, सोडतं, घेतं.
ठीक आहे, मी म्हणते,
आणि तारखेपुढे लिहिते.

काल सहा तीस झाले. सहा चाळीस.
मी जीपची किल्ली शोधत होते.

"पन्नास पॉइंट एक," तो म्हणाला.
"झोप लागली होती."